सुतळीमार्फत

फुटपाथवरून उतरताना सुतळीचा पुढचा उजवा पाय दुमडला, ती हनुवटीवर पडली आणि ओरडली नाही. त्याला खटकलं ते हे न ओरडणं. एरवी ती ओरडणाऱ्यांतली. ग्रेहाउंड कुत्र्यांची जातच तशी. वाळकं पान पायाखाली मोडलं तरी गळा चिरल्यासारखी किंचाळायची, मग अख्ख्या रस्त्याने माना वळवून या पन्नाशी उलटलेल्या, चष्मा लावलेल्या माणसाकडे बघायचं आणि त्याने 'मी काही केलं नाही हो' असा चेहरा करून उभं राहायचं. एकदा तिची नखं कापताना खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन दार वाजवून गेली होती. "सगळं ठीक आहे ना?" असं तिने विचारलं होतं, पण बघितलं होतं आत, त्याची बायको जिवंत आहे का ते. आणि आज हनुवटी सोलून रक्त आलेलं असताना सुतळी नुसती उठली, तीन पायांवर उभी राहिली, चौथा छातीशी धरला आणि समोरच्या चपलांच्या दुकानाच्या काचेत बघत राहिली. आपल्या वतीने दुसरं कुणीतरी तक्रार करील अशा बेताने.

तो उकिडवा बसला. ऑफिसला उशीर होणार हे आलंच. पायावरून हात फिरवला तर मनगटाच्या जरा वर त्याला एक उंचवटा लागला, टणक आणि गरम. ग्रेहाउंडची कातडी इतकी पातळ की आत काय चाललंय ते जवळजवळ दिसतंच. चरबी नाही, केस नावापुरते, हाडावर थेट रेशमी अस्तर. त्याचा हात तिथे थांबला आणि हाताला कळलं. तो जुन्या इमारती तपासायचा. हातोडीने कॉलम वाजवायचा, कान लावायचा, कुठे भरीव आवाज येतो, कुठे पोकळ, ते टिपायचा आणि शेवटी इमारत दुरुस्त करावी की पाडावी ते सांगायचा. लोकांना दोन्ही नको असायचं. दुरुस्ती म्हणजे खर्च, पाडणं म्हणजे बेघर होणं. त्यांच्यासाठी त्याच्यापाशी एक तिसरं वाक्य होतं, 'निरीक्षणाखाली ठेवावी'. या वाक्याच्या आधारावर शहरातल्या कितीतरी इमारती वर्षानुवर्षं उभ्या होत्या. सिमेंट केव्हाच गेलं होतं, वाक्य टिकून होतं.

लंगडणं त्याला नवीन नव्हतं. थंडी सुरू व्हायच्या सुमारास, सकाळी उठल्यावर पहिली काही पावलं ती तो पाय जपून टाकायची, ते त्याने पाहिलं होतं. पाहून गप्प बसला होता असंही नाही. त्याने ते रीतसर सांगितलं होतं. टॉवेल खांद्यावर टाकून, तिच्यासमोर उभं राहून, स्पष्ट आवाजात: "सुतळे, आईला सांग, तुझा पाय एकदा डॉक्टरला दाखवायला हवा." स्वयंपाकघरातून बायकोचं उत्तर आलं नव्हतं. मिक्सर चालू होता. उत्तर आलं नाही म्हणजे तिला गरज वाटत नसणार, असं त्याने धरलं, आणि शाळा सांभाळणाऱ्या बाईला गरज वाटत नाही तर आपण कोण, असं म्हणून तो अंघोळीला गेला.

घरातली ही पद्धत कधी सुरू झाली याची तारीख नव्हती. भांडण झालं होतं हे खरं. या घरातून दुसऱ्या घरात राहायला जावं की नाही यावरून झालं होतं, हेही खरं. कोण जाऊ या म्हणत होतं आणि कोण नको म्हणत होतं ते आता दोघांनाही नीट सांगता आलं नसतं. आपण बरोबर होतो एवढं मात्र दोघांना पक्कं आठवत होतं. मुलगी तेव्हा शाळेत होती. जेवणाच्या टेबलावर ती मधल्या खुर्चीवर बसायची. "बाबांना विचार, आमटी हवी का." "आईला म्हणावं, वाढ." सुरुवातीला मुलगी निरोप खरोखर पोचवायची, दोन्हीकडे मान वळवून, टपालखात्याच्या गांभीर्याने. पुढे तिला कळलं की दोघांनाही सगळं ऐकू येतं, आपण फक्त मध्ये बसायचं असतं. मग ती ताटात बघून जेवायला लागली आणि निरोप तिच्या डोक्यावरून परस्पर जाऊ लागले. या व्यवहारात त्याचा एक फायदा झाला. लग्नापासून बायको त्याला 'अरे, तू' म्हणायची. बोलणं बंद झाल्यावर तो 'बाबांना', 'त्यांना', 'ते' झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला घरात मान मिळाला, तो असा.

मुलगी शिकली, नोकरी लागली, लांबच्या शहरात जायचं ठरलं. जायच्या आधीच्या महिन्यात तिने ही कुत्री आणली. शर्यतीच्या मैदानावरून रद्द झालेली. मैदानवाल्यांनी तिला वापरली तोवर वापरली, एका वळणावर दुसरीच्या अंगावर आदळून तिचा वेग गेला, आणि मग कुणीतरी घेऊन जा म्हणून सोडली. कानाच्या आत निळ्या शाईत नंबर गोंदलेला, मांड्यांवरचे केस पिंजऱ्यात घासून गेलेले, दात अर्धे किडलेले. तिने जन्मात जिना पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी खालच्या पायरीसमोर ती जी पुतळ्यासारखी थिजली ती हलेनाच. शेवटी त्यानेच तिला मिठी मारून उचललं आणि वर नेलं, आणि ती त्याच्या खांद्यावरून मागे बघत राहिली, वरातीत घोड्यावर बसवलेल्या पोराच्या चेहऱ्याने. बायको दारात उभी होती. "ही सुतळी कुठून आणली?" ती मुलीला म्हणाली. नाव पडलं ते पडलंच. मुलगी गेली. पहिल्या संध्याकाळी टेबलावर दोघंच होते आणि मधली खुर्ची रिकामी. बराच वेळ नुसते चमचे वाजले. मग सुतळी आली आणि त्या खुर्चीपाशी उभी राहिली; ग्रेहाउंडला बसणं जमत नाही, मांड्यांचा घाटच तसा नसतो, ती उभीच राहते नाहीतर आडवी होते. बायकोने तिच्याकडे बघून म्हटलं, "सुतळे, बाबांना विचार, मीठ कमी आहे का." आणि संसाराचं गाडं पुन्हा रुळावर आलं.

सुतळी मुलीपेक्षा सरस निघाली. मुलगी नुसती बसायची. ही उठून यायची. ज्याने नाव घेतलं त्याच्याकडे जायची, हाताखाली तोंड घालायची, दुसऱ्याने नाव घेतलं की त्याच्याकडे. विजेचं बिल भरलं का, भिंतीला ओल आलीय, मावशी वारल्या, सोमवारी पाणी येणार नाही: ती दोन टोकांमध्ये चालत राहायची आणि सगळं पोचतं व्हायचं. कान पडलेले, शेपटी दोन पायांत, पाठीची कमान. चालण्यात मात्र अजून ते मैदान होतं, पाऊल पडायच्या आधी हवेत जरा रेंगाळायचं. त्याला वाटायचं, हिला आपला लळा आहे. बायकोलाही तसंच वाटत असावं. दोघांनी मिळून तिला थंडीचे कपडे घेतले, मऊ गादी घेतली, दात काढवून आणले. भुलीचं औषध या जातीला बेतानेच द्यावं लागतं हे दोघांनी वेगवेगळं वाचलं आणि दोघांनी वेगवेगळं सुतळीला सांगितलं.

तर त्या सकाळी तो तिला उचलून दवाखान्यात घेऊन गेला आणि तिथून त्याने मुलीला फोन केला. मुलीने आईला केला. बायको शाळेतून रिक्षाने आली, साडीच्या पदराला खडूची पूड, आणि बाकावर सुतळीच्या पलीकडे बसली. डॉक्टर तरुण होती, कामाचं बोलणारी. तिने एक्स-रे उजेडाच्या पाटीवर लावला. तिने काही म्हणायच्या आधी त्याने तो वाचला. मनगटाच्या वर हाडाला कसर लागली होती. कडा विरलेल्या, आत पोकळ्या, बाहेरून जेमतेम कवच. असा कॉलम त्याने पाहिला असता तर आधी माणसं खाली उतरवली असती आणि मग बोलला असता.

"हाडाचा कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाली. "या जातीत बराच दिसतो. लंगडते कधीपासून?"

"थंडीपासून," तो म्हणाला.

"दिवाणखान्यात पंखे बंद केले तेव्हापासून," बायको म्हणाली. म्हणजे तेच.

डॉक्टरने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "मग इतके दिवस?"

"मी सांगितलं होतं," तो म्हणाला.

"मीसुद्धा," बायको म्हणाली.

"कुणाला?"

यावर दोघांनी एकदमच खाली बघितलं. सुतळी लादीवर आडवी पडली होती. नाव कुणी घेतलं नव्हतं, पण सगळे आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर तिने शेपटीचं टोक दोनदा आपटलं. त्याला डोळ्यांपुढे दिसलं: तो अंघोळीला गेल्यावर, नळाच्या आवाजात, बायको तिच्यापुढे ओणवी होऊन म्हणतेय, सुतळे, बाबांना सांग, तुझ्या पायाचं काहीतरी बघा म्हणावं. मग ती वाट बघतेय. मग ती मनाशी म्हणतेय, इमारतींच्या तड्यांवर पोट भरणाऱ्या माणसाला हे दिसत नाही असं कसं होईल, त्याअर्थी काही नसेल. म्हणजे सबंध थंडीभर दोन्हीकडचा निरोप बिनचूक लिहिलेला, वेळेवर दिलेला, आणि एकाच ठिकाणी साठलेला. तो सुतळीपाशी होता. ती तो पायात घेऊन हिंडत होती.

डॉक्टरने समजावलं. पाय खांद्यापासून काढता येईल. या कुत्र्यांना तीन पायांवर जमतं, पण त्यामुळे मिळतील ते काही महिने, फार तर वर्ष, कारण एव्हाना छातीत गेलेलं असू शकतं. किंवा तिला शांतपणे जाऊ द्यायचं. "तिसरा मार्ग वेदनेच्या गोळ्यांचा. पण तो मार्ग नाही, नुसतं थांबणं आहे. हे हाड कधीही मोडेल. उठताना, वळताना, कशानेही. मोडलं की तिचे फार हाल होतील. तेव्हा घरी बोला आणि मला कळवा." मग तिने, सगळेच डॉक्टर विचारतात तसं सहज विचारलं, "निर्णय कोण घेणार आहे तुमच्यापैकी?"

त्यांनी गोळ्या घेतल्या.

पुढचा आठवडा घर विलक्षण शांत होतं. गोळ्या चिजात गुंडाळून द्यायच्या हे त्याने बायकोकडे बघून शिकून घेतलं, बायकोने तिला जिन्यावरून उचलायचं कसं ते त्याच्याकडे बघून. सुतळी बरी दिसायची. ओरडायची नाही. त्याला त्या न ओरडण्याची भीती वाटायची आणि आधारही वाटायचा. ऑफिसात एका चाळीच्या रहिवाशांचं शिष्टमंडळ येऊन बसलं होतं, त्यांचा म्होरक्या म्हणाला, "साहेब, आमची इमारत निरीक्षणाखाली ठेवा ना. आपण तर ठेवता." आपण तर ठेवता. तो पाणी प्यायला. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मुलीचा फोन आला. आई काही बोलत नाही, काय ठरलं, असं तिने विचारलं. तो म्हणाला, पाय काढावा असं मला वाटतं, तू आईला विचारून बघ.

"नाही विचारणार," मुलगी म्हणाली. "बाबा, मी तिला हौसेने आणली असं वाटलं तुम्हाला? मी बदली मागत होते. बदलीवर माणूस मिळेना म्हणून कुत्री दिली. तुम्हाला तिचा पाय काढायचाय कारण उरलेल्या तीन पायांवर ती तुमचे निरोप नेईल. आईला काढायचा नसेल तर ते का, हे मला माहीत नाही. पण यात मी नाही. मला डबा खायचाय, ठेवते." वाईट म्हणजे तिचा आवाज चढला नव्हता. एखाद्या जुन्या कर्मचाऱ्याने नव्या साहेबाला खात्याची कल्पना द्यावी, तशी ती बोलली होती.

रविवारी दुपारी बायको टेबलावर पेपर तपासत होती आणि तो खिडकीपाशी पेपर वाचत होता. तिचे उत्तरांचे, त्याचा बातम्यांचा. मध्ये गादीवर सुतळी डोळे अर्धे उघडे ठेवून झोपली होती. झोपेत तिचे पाय थरथरत होते, ती कुठलीतरी शर्यत धावत होती, आणि त्या शर्यतीत चारही पाय चालत होते. बायकोने लाल पेन खाली ठेवलं.

"सुतळे, बाबांना विचार, डॉक्टरला काय कळवायचं."

सुतळी जागी झाली. पुढचा पाय दुमडून, मागच्या दोन पायांनी अंग रेटत ती उठली, लंगडत टेबलापर्यंत गेली आणि बायकोच्या मांडीवर हनुवटी टेकवली.

"सुतळे, आईला सांग," तो पेपरामागून म्हणाला, "पाय काढला तर काही महिने तरी मिळतील म्हणतात."

ती वळली. वळताना तो पाय चुकून जमिनीला लागला आणि झटका बसल्यासारखा वर गेला. ती त्याच्याकडे आली.

"सुतळे, बाबांना विचार, कुणाला मिळतील?"

ती पुन्हा निघाली. लादीवर तीन पायांच्या नखांचा आवाज आणि मधली एक रिकामी जागा. त्याच्या तोंडात उत्तर तयार होतं, चांगलं, टोचेलसं. पेपर खाली करून त्याने ते द्यायला तोंड उघडलं आणि ती टेबलापाशी त्याच्याकडे मान वळवून, हाक यायच्या आधीच निघायच्या तयारीत उभी असलेली त्याला दिसली. जीभ जराशी बाहेर, धाप लागलेली. डॉक्टरचं वाक्य त्याला आठवलं: उठताना, वळताना. तिचा पाय राहावा की काढावा याची चर्चा ते दोघं तिला त्याच पायावर चालवत करत होते. आणखी दोन खोचक वाक्यं, एक चांगलं प्रत्युत्तर, की निकाल आपोआप लागला असता. काडकन आवाज येऊन. आणि मग दोघांनीही सुतळीला सांगितलं असतं की मी तर आधीच म्हणत होतो.

तो उठला. चाललेली पावलं आपली आहेत याचं त्याला नवल वाटलं. टेबलाची समोरची खुर्ची ओढून तो बसला. बायकोने चष्म्यावरून पाहिलं; पेपर हरवलेला पोरगा मुख्याध्यापकांच्या खोलीत आपण होऊन आला की बघतात तसं.

"अगं," तो म्हणाला, आणि सुतळीने कान टवकारले. इतक्या वर्षांत ही हाकही तिच्याच नावावर झाली होती. त्याने आवाज आणखी खाली आणला. "ऐक. तिला हलवायला नको. आपण... असंच बोलू."

बायकोने पेनाला टोपण लावलं, पेपरांच्या कडा जुळवल्या.

"बोल," ती म्हणाली. "तुला काय वाटतं?"

त्या 'तुला'ने तो हबकला. चावी न लावता दार उघडावं तसं. "पाय काढला तर आपल्याला जरा वेळ मिळेल."

"आपल्याला."

"तिला."

"आधी आपल्याला म्हणालास." तिने राग न येता, चूक दाखवावी तशी दाखवली. "एक्स-रे तू बघितलास. रोज असलंच बघतोस. दुसऱ्या कुणाची इमारत असती तर काय लिहिलं असतंस?"

तो टेबलाच्या रेषा बघत राहिला.

"खरं सांग हं. लिहितोस ते नको. मनात काय म्हणाला असतास?"

"रिकामी करा."

"मग?"

"मग उद्या डॉक्टरला घरीच बोलवू. तिला जिना नको पुन्हा."

"सकाळचं बोलव. मी रजा टाकते."

झालं. बोलणं इतकं सोपं होतं. आमटी वाढायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात झालं. घसा दुखला नाही, छत कोसळलं नाही. हेच त्याला सहन होईना. इतकं सोपं होतं तर ती सगळी वर्षं, ती मधली खुर्ची, ते मुलीचं ताटात बघून जेवणं, हे सगळं कशासाठी होतं? थंडीत हेच दोन मिनिटं समोरासमोर बसलो असतो तर उंचवटा सुपारीएवढा असताना कळला असता. त्याला हे तिला सांगावंसं वाटलं, आणि तिला ते माहीत आहे हेही दिसलं. तिचा चेहरा टेबलाजवळून बघितला तर बराच म्हातारा होता.

"आणि नंतर?" त्याने विचारलं.

"नंतर तुझं तू बघ," ती म्हणाली. "मी माझं बघीन. आता काय, बोलता येतंय आपल्याला."

आणि तिने पुढचा पेपर ओढला. सुतळी दोघांच्या मध्ये उभी होती. कुणीच नाव घेत नव्हतं. ती एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती, खातं बंद झाल्याचं कुणी न कळवलेल्या कारकुनासारखी, कुठे रुजू व्हावं ते न कळून. मग आपली आपणच जाऊन गादीवर आडवी झाली.

सकाळी डॉक्टर आली. तिने बूट दाराबाहेर काढले, गादीशेजारी लादीवर मांडी घातली आणि बॅग उघडली. ग्रेहाउंडची शीर शोधावी लागत नाही, कातडीखाली दोरीसारखी दिसते. डॉक्टरने बऱ्या पायावर मशीनने छोटी चौकट भादरली, तरी सुतळी ओरडली नाही. बायको डोक्यापाशी बसली, तो पाठीपाशी. त्याचा हात तिच्या बरगड्यांवर होता आणि आतलं ते मोठं, शर्यतीसाठी बनवलेलं हृदय सावकाश, काहीच घाई नसल्यासारखं वाजत होतं. तिथे आवाज भरीव होता.

डॉक्टरने सुई तयार केली आणि बाजूला ठेवली. "घाई नाही," ती म्हणाली. "तुम्हाला तिच्याशी काही बोलायचं असेल तर बोलून घ्या. शेवटपर्यंत ऐकू येतं त्यांना."

तिने त्यांना एकांत म्हणून तोंड खिडकीकडे फिरवलं. त्याने घसा साफ केला. इतकी वर्षं उठल्यापासून झोपेपर्यंत तो हिच्याशी बोलत आला होता. या घरात कुणाशी बोलला असेल तर हिच्याशीच. बिल, पाणी, ओल, मरणं, मीठ. त्याने शोधलं. त्यातलं एकही वाक्य तिचं नव्हतं. तिच्यासाठी म्हणून तोंडातून काय काढायचं असतं, कुठून सुरुवात करायची असते, हे त्याला माहीत नव्हतं. त्याने बायकोकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, पण नुसतेच. चाळीस पोरांच्या वर्गाला एका शब्दात गप्प करणारी बाई तोंड उघडून बसली होती आणि शब्द येत नव्हता.

"तू बोल," तो म्हणाला.

"तू बोल ना."

सुतळीने आवाजाच्या दिशेने आधी तिच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. उठायचा तिने एक प्रयत्न केला. त्याने हाताने तिला हलकेच दाबून धरलं. जरा वेळ वाट बघून डॉक्टर वळली, त्यांचं बोलून झालंय अशी समजूत करून घेऊन तिने मान हलवली आणि सुई उचलली.